सीमाभागातल्या मराठी शाळा आणि सरकार : संस्कृतीची विविधता जपायची कुणी?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

पुण्या-मुंबईकडं या विषयावर चर्चासत्रं होतात. आमच्या खानापूर तालुक्यात (कर्नाटकातला बेळगाव जिल्हा) तो दर जूनला, पहिलीचा वर्ग भरतो का नाही अशा रूपात दारात येऊन उभा राहतो. गावातली सरकारी मराठी शाळा पटावर लटकलेली. कायमचे गुरुजी निवृत्त झाले की जागा रिकामी, मग वर्षाच्या मधेच कधीतरी अतिथी शिक्षक येणार. परवा एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास-देखरेख समितीच्या, बैठकीत एका पालकांनी सरळ विचारलं, "शाळा सरकारची, भाषा आमची. टिकवायची कुणी?" वादावादी झाली, उत्तर निघालं नाही. म्हणून इथं मांडतोय.

कागदावर बघितलं तर सरकारांनी हे काम कधीच अंगावर घेतलंय. २००५ साली युनेस्कोत सांस्कृतिक अभिव्यक्तींची विविधता जपण्याचा करार झाला. १४८ देशांनी बाजूनं मत दिलं, विरोधात अमेरिका आणि इस्रायल हे दोनच. भारतानं २००६ मध्ये तो स्वीकारला. पण करार वाचला की दिसतं, त्यातली खरी काळजी परदेशी बाजाराची आहे. बाहेरच्या सिनेमा-संगीतापुढं आपलं टिकेल का, ही ती काळजी. फ्रान्सनं तर १९९४ मध्येच कायदा करून रेडिओवरची ४० टक्के गाणी फ्रेंच असली पाहिजेत असं ठरवलं होतं. देशाच्या आत, एका राज्यात, दुसऱ्या भाषेचा माणूस राहतो त्याचं काय? अल्पसंख्य आणि आदिवासींच्या संस्कृतींनाही समान मान असावा, असं एक तत्त्व त्यात आहे. पुढचा सगळा अंमल सरकारच्या मर्जीवर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सण, मिरवणूक, पारायण, भजन, नाटक यांत सरकारनं हात घालू नये. ते लोक बघून घेतील. पण शाळा, सरकारी कागद, नोटीस आणि दवाखान्यातली पाटी या गोष्टी लोकांच्या हातात नाहीत. त्या सरकारच्याच हातात आहेत. त्या एकाच भाषेत राहिल्या तर बाकीच्या भाषा आधी घरात आणि देवळात कोंडल्या जातात आणि नातवंडांपर्यंत तिथूनही जातात. तेव्हा सरकारनं संस्कृती सांभाळायच्या गप्पा करण्याआधी एवढ्या गोष्टींची जबाबदारी घ्यावी. तुम्हाला काय वाटतं?

शहापूर पेठ

मी याच्या उलट बोलणार आहे, राग मानू नका. सरकारकडं मागायला गेलं की सरकार पहिल्यांदा विचारतं तुम्ही किती, कोण, कुठले. मग यादी करतं. यादीत बसलात तर अनुदान, अनुदान आलं की अट. खरं बघा, बेळगावात मराठी टिकली ती कुणाच्या अनुदानावर?

कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमानी या गावांत साहित्य संमेलनं भरतात. गावकरी वर्गणी काढतात, ग्रंथदिंडी निघते, पाहुण्यांची जेवणं गावातल्या घरांत होतात. कुठल्या राज्यात अशी गावं आहेत, दाखवा. शिवजयंती आम्ही तिथीनं वैशाखात करतो आणि चित्ररथ बघायला रात्रभर माणसं रस्त्यावर असतात. 'तरुण भारत' १९१९ मध्ये ब्रिटिशांच्या राज्यात निघाला, तेव्हा कोणतं सरकार आमच्या बाजूला होतं?

आणि संस्कृती म्हणजे एका रंगाची गोष्ट नव्हे. सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापूर-सांगलीकडची माणसं गाड्या भरभरून येतात, चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला तसंच. तिथं कुणी भाषा विचारून भंडारा लावत नाही. कुमार गंधर्व सुळेभावीचे. घर कन्नड, शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडं, पुढं देवासला राहून माळव्याची लोकगीतं गायली, आणि मराठी माणसानं त्यांना डोक्यावर घेतलं. हे सरकारच्या खात्यानं घडवलं असतं का? सरकारनं रस्ता, पाणी, दिवे द्यावेत आणि बाजूला राहावं.

सीमाभाग लढा

तुम्ही सगळे फांद्यांवर बोलताय. मूळ १ नोव्हेंबर १९५६ ला आहे. मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूरला जोडला, फक्त चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. त्याच्या दहा वर्षं आधी, १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली होती. ज्या गावात ती मागणी झाली तेच गाव बाहेर राहिलं. १९६६ मध्ये सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला, १९६७ मध्ये अहवाल आला. त्यात शिफारस अशी : निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत, आणि बेळगाव शहर होतं तिथंच राहावं. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, तो दावा अजून पडून आहे.

मध्ये १९८६ चं कन्नड सक्तीविरोधी आंदोलन आणि त्यातला गोळीबार. आमच्या घरात त्या दिवसांबद्दल आजही आवाज न चढवता कुणी बोलू शकत नाही. जे राज्य तुमची भाषा दाबतं त्याच्याकडं भाषेचं संरक्षण मागायचं? आधी सीमाप्रश्न सुटू द्या, मग शाळेचं बोलू.

निवृत्त मास्तर

लढा भाऊ, तुमच्या दुःखाला हात लावणार नाही. पण १९५६ पासून आजपर्यंत किती पोरं पहिलीत बसून दहावी होऊन गेली, त्यांना आपण "आधी सीमाप्रश्न" म्हणून थांबवलं नाही. त्यांना शिकवलं. मी सीमाभागातल्या मराठी शाळांतच नोकरी केली, तेव्हा कागदावर काय आहे आणि वर्गात काय आहे ते थोडं सविस्तर लिहितो.

राज्यांची पुनर्रचना झाली त्याच वर्षी, सातव्या घटनादुरुस्तीनं, ३५०-क आणि ३५०-ख ही दोन कलमं घटनेत आली. पुनर्रचनेत कुणीतरी चुकीच्या बाजूला राहणारच हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं, म्हणून ती आणली. पहिलं कलम म्हणतं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी प्रत्येक राज्यानं पुरेशा सोयी कराव्यात. दुसऱ्यानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला. त्या आयुक्तांचं एक विभागीय कार्यालय आपल्या बेळगावातच आहे. किती जणांना माहीत आहे?

आता आकड्यांचं. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं की शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं त्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. नंतर असंही ठरलं की ज्या भागात १५ टक्क्यांच्या वर लोक एका अल्पसंख्य भाषेचे असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम त्या भाषेतही छापायचे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात कन्नड ६८ टक्क्यांच्या आसपास, मराठी १८ टक्क्यांच्या वर, उर्दू १० टक्क्यांच्या जवळ. म्हणजे जिल्हा धरला तरी आपण त्या ओळीच्या वर आहोत. खानापूरसारखा तालुका धरला तर प्रश्नच नाही.

हे सगळं असून अडतं कुठं? आयुक्त दरवर्षी राष्ट्रपतींना अहवाल देतात, तो संसदेत ठेवला जातो, पण त्यांना शिक्षा करायचा अधिकार नाही. राज्यानं ऐकलं तर ऐकलं. आणि खाली, शिक्षक भरतीत, मराठी शाळेची जागा निघते, उमेदवार मिळत नाही असं सांगतात, मग ती पुढच्या वर्षावर. विज्ञान-गणिताची जागा रिकामी राहिली की पालक समजूतदारपणे मूल काढून दुसरीकडं घालतात. पट कमी झाला की शाळा जवळच्या शाळेत विलीन. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मराठी लोकांनाच मराठी नको आहे. शाळा बंद करायला कुणी मोर्चा काढत नाही, एक जागा भरायची राहते आणि शाळा बंद होते.

पेठवाले, तुमची संमेलनं चालवणारी पिढी कुठं वाचायला शिकली? याच सरकारी मराठी शाळांत. वर्गणीतून संमेलन निघतं, पहिली ते सातवीचा पगार नाही निघत.

निपाणीची सून

मास्तर, नमस्कार. माझं माहेर कागलकडं, सासर निपाणी. जे तुम्ही कुणी लिहिलं नाही ते लिहिते. आमच्या गल्लीत कन्नड शाळाही ओस पडायला लागलीय. पोरं जातात इंग्रजी माध्यमात. माझी दोन्ही मुलंसुद्धा. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, दुसरी भाषा कन्नड, टीव्हीवर हिंदी. मुलगा कन्नड झकास बोलतो आणि मला त्याचा आनंद आहे. पण आजीचं पत्र त्याला वाचता येत नाही. आजी अजून पत्र लिहिते, तिचं अक्षर सुंदर आहे.

मी मुलांना मराठी शाळेत घातलं नाही कारण पुढं कॉलेज, नोकरी, कुठंच मराठीचा कागद चालत नाही. आई म्हणून मी चुकीचं काही केलं असं मला वाटत नाही. मराठी शाळेच्या दहावीनंतर पुढचं दार उघडं आहे असं दाखवा, मी सगळ्यात आधी दाखला काढून आणते. सरकारला विविधता जपायची असेल तर ती पहिलीत जपून चालणार नाही.

आणि एक. २०२५ च्या फेब्रुवारीत भाषेवरून तापलं आणि दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबल्या, तेव्हा माझ्यासारख्या सासरवाशिणींचे, रोज कामाला जाणाऱ्यांचे आणि दवाखान्याला जाणाऱ्यांचे हाल झाले. संस्कृतीचं रक्षण करायला निघालेली माणसं सगळ्यात आधी बस का अडवतात, हे मला कुणी समजावून सांगावं.

कायदा वाचक

ताईंच्या मुद्द्याला धरून. ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितलं की प्राथमिक शाळेत मातृभाषाच माध्यम असावी अशी सक्ती सरकार करू शकत नाही, निवड पालकांची. ३५०-क चा अर्थ सोय करण्याची जबाबदारी असा आहे, सक्तीचा अधिकार असा नाही. मलप्रभाकाठ म्हणतात त्याच्या हे जवळ जातं.

दुसरं, २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात अकरा न्यायमूर्तींनी ठरवलं की अल्पसंख्य कोण हे राज्य धरून बघायचं. कर्नाटकात मराठी अल्पसंख्य, महाराष्ट्रात कन्नड अल्पसंख्य. एकच कलम दोन्हीकडं लागू.

जत पूर्व

शेवटच्या ओळीसाठीच थांबलो होतो. मी महाराष्ट्रातल्या, सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागातला, उमदी-संख पट्ट्यातला. घरात कन्नड, देवळात कन्नड, बाजारात दोन्ही, नोकरी मराठीत. हा धागा मराठीत वाचतोय आणि मराठीत लिहितोय, त्यात मला जड काही नाही. पण तुम्ही खानापूरसाठी जे मागता तेच मी जतसाठी मागितलं तर या धाग्यावरचे किती जण सही करतील?

महाराष्ट्रानं आम्हाला कन्नड शाळा दिल्या, बालभारती कन्नडमधून पुस्तकं काढते, हे मान्य आणि त्याबद्दल आभार. पण शिक्षक निवृत्त झाल्यावर जागा रिकामी राहायची गोष्ट मास्तरांनी लिहिली ना, गावाचं नाव बदला, आमचीच आहे. वरच्या वर्गात गेलं की माध्यम बदलावं लागतं. तलाठ्याकडचा कागद मराठीत. माझ्या आईला मराठी वाचता येत नाही. ती अंगठा देते आणि मी वाचून दाखवतो.

२०१२ मध्ये आमच्याकडच्या गावांनी कर्नाटकात जायचे ठराव केले ते पाण्यासाठी. २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच ठरावांचा दाखला देऊन जतवर हक्क सांगितला. दोन्ही सरकारांना आमची आठवण एकाच महिन्यात आली आणि एकाच महिन्यात विसरही पडला. कर्नाटकानं २०१५ च्या कायद्यानं सगळ्या शाळांत कन्नड शिकवणं बंधनकारक केलं, महाराष्ट्रानं २०२० मध्ये मराठी. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा. एकमेकांची नक्कल वाटते.

सीमाभाग लढा

जत अण्णा, तुमच्यावर अन्याय होत असेल तर तो चूक, हे मी छातीवर हात ठेवून म्हणतो. पण तुलना बरोबरीची नाही. जतमध्ये कन्नड फलक लावला म्हणून कुणी दुकान फोडत नाही. येळ्ळूरला २०१४ मध्ये 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढताना काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. आणि महाराष्ट्रानं आम्हाला सोडलेलं नाही, २०२३ मध्ये महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली.

शहापूर पेठ

फलकाचं निघालं म्हणून. दुकानदार आहे, फलक माझा रोजचा विषय. आता कायदा म्हणतो पाटीवर ६० टक्के कन्नड. लिहिलं. मला कन्नड येतं, गिऱ्हाईक कन्नड आहे, हिशेब कन्नडमध्ये बोलतो, त्यात अडचण नाही. खरं उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी लिहिलं की काही जण येऊन दारात उभे राहतात. कायद्यानं जे मोकळं ठेवलंय ते रस्त्यावर मोकळं राहात नाही. मग सरकारचं काम काय? मला अनुदान नको, पाटीवरचे ते ४० टक्के सांभाळा, म्हणजे पोलीस माझ्या बाजूला उभा राहू दे.

आणि महाराष्ट्रातही मराठी पाट्यांसाठी हेच झालं, न्यायालयात गेलं, हे जत अण्णा सांगायच्या आधी मीच सांगतो.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

पेठवाले काका, तुम्ही पहिल्या प्रतिसादात म्हणालात सरकारनं बाजूला राहावं, आता म्हणता पोलीस पाहिजे. हे विरोधात आहे असं मला वाटत नाही. वर्गणी तुमची, मिरवणूक तुमची, आणि ती निर्धास्तपणे काढता यावी ही जबाबदारी सरकारची. मी ज्याला संरक्षण म्हणतो त्यात हे पहिलं येतं.

घटप्रभेचा

गोकाक तालुक्यातून लिहितो. माझी भाषा कन्नड, आजी चिकोडीकडची म्हणून मराठी घरात आली. माझ्या मराठीत काही राहिलं तर सांभाळून घ्या.

कन्नड माणसाला सीमाभागात मराठीची भीती का वाटते, हे इथं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. मुंबई इलाख्यात असताना आमच्या भागातल्या शाळा, कचेऱ्या मराठीत चालायच्या. कन्नड घरातला मुलगा शाळेत मराठी शिकायचा. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्यांनी शिक्षण खात्यात राहून खटपट करून कन्नड शाळा उभ्या केल्या. १८९० मध्ये धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला तो याच तळमळीतून. म्हणजे तुम्ही आज जे मागता तेच आमच्या पणजोबांनी मागितलं, आणि तेव्हा वरचढ भाषा मराठी होती. ती आठवण अजून गेलेली नाही. शाळेत कन्नडला पहिलं स्थान द्या म्हणणाऱ्या गोकाक अहवालासाठी ८० च्या दशकात झालेलं आंदोलन त्यातूनच आलं.

यातून सक्ती बरोबर ठरते असं मला म्हणायचं नाही. ज्यांनी हे सोसलं त्यांनीच दुसऱ्याला सोसायला लावू नये, असं मला वाटतं. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिली. त्याची समाधी तुमच्या खानापूर तालुक्यात, मराठी गावांच्या मध्ये आहे. तिथं दोन्ही भाषांची माणसं डोकं टेकवतात. सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, २०१२ मध्ये बेळगावात बांधलं, फार मोठी इमारत. त्या इमारतीच्या दारात मराठी शेतकऱ्याला त्याच्या भाषेत एक फॉर्म मिळाला तर माझी कन्नड एका अक्षरानं कमी होणार नाही.

निपाणीची सून

घटप्रभा दादा, मराठीत काहीही राहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंत ते आमच्या शाळेच्या पुस्तकात कधीच आलं नाही.

रानवाट

सगळे वाचतेय. एक गोष्ट खटकते म्हणून लिहिते. कन्नड आणि मराठी दोन्ही मोठ्या भाषा आहेत. २००८ मध्ये कन्नड अभिजात झाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी. दोघींच्या मागं एकेक राज्य, विद्यापीठं, वर्तमानपत्रं आहेत. आपण विविधता म्हणतो तेव्हा या दोघींचीच गोष्ट करतो.

मी कामानिमित्त खानापूरच्या रानात फिरते. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं. त्यातल्या गवाळी, आमगाव, कृष्णापूर अशा वस्त्यांत पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावर घालून आणावं लागतं. तिथं सरकारच्या सगळ्या भाषांचा एकच अर्थ आहे, गाव सोडा. गवळी धनगरांची बोली, त्यांची म्हशींबद्दलची माहिती, रानातल्या वाटांची नावं हे सगळं त्या जागेला बांधलेलं. गाव उठवून तालुक्याच्या माळावर वसवलं की ती बोली बोलायचं कारणच संपतं. सिद्दी लोक आहेत, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. दमाम हा ढोल वाजवून त्यांचा नाच चालतो तो बघायला परदेशातून माणसं येतात. पण अनुसूचित जमातीचा दाखला उत्तर कन्नडातल्या सिद्दींना २००३ मध्ये मिळाला आणि बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना २०२० मध्ये. जिल्ह्याची हद्द ओलांडली म्हणून एकाच नात्यातल्या माणसांत सतरा वर्षांचं अंतर पडलं. त्यांच्या नाचाला सरकारी महोत्सवात बोलावत होते, दाखला देत नव्हते.

यामुळं मला मलप्रभाकाठांचं म्हणणं पटतं, फक्त मी त्यात जमीन घालीन. शाळा, कागद, नोटीस, दवाखाना यांच्या आधी जमीन. आणि शाळा म्हणाल तर गवळीवाड्यावरच्या मुलाला कन्नड का मराठी हा प्रश्न पडत नाही. त्याला समजेल अशा बोलीत पहिले दोन महिने बोलणारी एक बाई पाहिजे.

कायदा वाचक

रानवाट ताईंच्या पोस्टनंतर थोडं थांबून लिहितोय. घटनेच्या २९ व्या कलमात "वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती" असलेल्या नागरिकांच्या कुठल्याही गटाला ती जतन करण्याचा हक्क दिलाय. त्यात मोठा गट, छोटा गट असा भेद नाही आणि ती भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आहे का नाही याचाही संबंध नाही. ३५०-क सुद्धा अनुसूचीतल्या भाषांपुरतं नाही. गवळी धनगरांच्या बोलीसाठीही ते कलम उघडं आहे, तिथवर कुणी गेलेलं दिसत नाही.

सीमाभाग लढा

मी माझ्या मूळ मुद्द्यावर ठाम आहे, सीमाभाग महाराष्ट्रात गेला पाहिजे. पण जत अण्णांना एक उत्तर द्यायचं राहिलंय. उद्या आम्ही महाराष्ट्रात गेलो तर बेळगावातली कन्नड शाळा एक दिवससुद्धा बंद पडू देणार नाही, हे आपल्या लोकांनी आज लिहून द्यायला पाहिजे. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला तेव्हा आपण सगळे उठलो आणि २९ जूनला तो मागं घ्यायला लावला. लहान मुलावर भाषा लादू नये हे तत्त्व आपण तिथं सांगितलं. ते इथं आणि जतमध्ये बदलत नाही. आमच्या लोकांत हे बोललो तर वाद होईल. बोलणार आहे.

जत पूर्व

लढा भाऊ, हे तुम्ही लिहिलंत तेवढं पुरे. बेळगावच्या मराठी शाळांच्या अर्जावर माझी सही घ्या. कर्नाटकाचा मतदार नाही म्हणून तिचं वजन नसेल, तरी घ्या.

निवृत्त मास्तर

सहीला वजन यावं असं करता येईल. आयुक्त केंद्राचे आहेत, त्यांच्याकडं दोन्ही राज्यांतून तक्रार जाऊ शकते. खानापूर आणि जत, दोन गावांनी एकाच मजकुराचे दोन अर्ज एकाच दिवशी द्यायचे, एक मराठी शाळेसाठी, एक कन्नड शाळेसाठी. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणं कुणालाच सोपं जाणार नाही.

अर्जात भावनेचं काही लिहू नका. मंजूर पदं किती, भरलेली किती, किती वर्षं रिकामी, वर्गवार पट, मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय. प्रवेश अर्जात मातृभाषा नीट लिहिली गेलीय का हे आधी तपासा, तिथं चूक असेल तर पुढचं सगळं ढासळतं. एसडीएमसीचा ठराव जोडा, आणि बीईओंकडं (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं) आधी दिलेल्या अर्जाची पोच जोडा. पोच नसेल तर तिथूनच सुरुवात करा.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

पोच नाही, तोंडीच सांगितलेलं होतं. सोमवारी लेखी देतो. जत अण्णा, तुमच्या शाळेचा वर्गवार पट मिळाला की मला निरोपात पाठवा, दोन्ही अर्जांचा मजकूर एकत्र बसून करू. घटप्रभा दादा, तुमच्याकडून कन्नड मसुदा हवा आहे, बीईओ कार्यालयात तोच द्यावा लागेल. रानवाट ताई, गवळीवाड्यावरच्या मुलांचा पट कुठल्या शाळेत धरला जातो ते कळवाल का? तो आमच्याच शाळेत येत असेल तर त्या मुलांची बोली मातृभाषेच्या रकान्यात लिहायची का, यावर पालकांशी आधी बोलायला लागेल.

घटप्रभेचा

मसुदा करतो. मंगळवारपर्यंत.

रानवाट

पट शेजारच्या गावच्या शाळेत आहे, तुमच्या नाही. पण तिथले मुख्याध्यापक बोलायला तयार होतील असं वाटतं. विचारते.